स्वतः प्रकाशित केलेल्या पुस्तकाची विक्री : वितरक, ग्रंथालये की थेट वाचक?

प्रश्न : प्रवराकाठ

नमस्कार. मी संगमनेर-अकोले परिसरात पशुवैद्यक म्हणून काम करतो. गोठ्यांत पाहिलेली जनावरे, त्यांना जीव लावणारी कुटुंबे, दुष्काळातल्या चारा छावण्या, २०२२ मधील लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाची साथ आणि दुधाच्या दरावर हेलकावणारे घराघरांचे अर्थकारण यांविषयीच्या अनुभवांचे एक पुस्तक मी लिहिले आहे. काही प्रकाशकांनी दीड-दोन वर्षे थांबण्याची तयारी असेल तर विचार करू असे कळवले, एकाने खर्चातील मोठा वाटा मागितला. पुस्तकातील काही मजकूर आजच्या गोठ्याला उपयोगी पडणारा असल्याने इतके थांबणे मला पटले नाही आणि मी ते स्वतःच प्रकाशित केले.

पुस्तक डेमी आकाराचे, १९२ पृष्ठांचे असून किंमत २५० रुपये ठेवली आहे. ५०० प्रती छापल्या. कागद, छपाई आणि बांधणीला ४८,००० रुपये, तर संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांना २२,००० रुपये लागले. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) माझ्याच नावाने घेतला आहे.

आता एका वितरकाने सर्व प्रती ४५ टक्के कमिशनवर मागितल्या आहेत. पैसे विक्री झाल्यावर मिळतील. शहरातील मित्रांचे म्हणणे असे की, सभागृह घेऊन मान्यवरांच्या हस्ते प्रकाशन समारंभ केल्याशिवाय पुस्तकाची चर्चा होत नाही. ग्रंथालयांकडे कसे जावे, याची मला माहिती नाही. या सर्वांच्या मुळाशी असलेली माझी अडचण अशी की, या पुस्तकाचा वाचक गोठ्यातला शेतकरी आहे की शहरात बसून अनुभवकथन वाचणारा वाचक आहे, हे मला ठरवता येत नाही. दोघांनाही ते आवडेल असे मला मनापासून वाटते, परंतु दोघांपर्यंत एकाच वेळी पोहोचण्याइतके बळ माझ्याकडे नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : बाजीराव रस्ता

डॉक्टर, आपण आकडे स्पष्ट दिले आहेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांतूनच देता येईल. पुण्यात पुस्तकविक्रीच्या व्यवसायात दीर्घकाळ असल्याने मी हे वितरकाच्या बाजूनेही पाहिलेले आहे.

आपला एकूण खर्च ७०,००० रुपये, म्हणजे प्रतीमागे १४० रुपये. वितरकाला ४५ टक्के दिल्यावर आपल्या हाती प्रतीमागे १३७ रुपये ५० पैसे येतात. खर्च भरून निघण्यासाठी या दराने ५१० प्रती विकाव्या लागतील आणि आपण छापल्या आहेत ५००. त्यातच अभिप्रायासाठी दिलेल्या प्रती आहेत, वाहतुकीत कोपरे दुमडून परत येणाऱ्या प्रती आहेत. वितरक जास्त मागतो आहे असे समजू नये, कारण त्या ४५ टक्क्यांतून त्याला दुकानदाराचे कमिशन, गोदाम, गाडीभाडे आणि उधारी सांभाळावी लागते. अडचण किमतीच्या गणितात आहे. वितरणाच्या साखळीतून जाणाऱ्या पुस्तकाची किंमत साधारणपणे एकूण खर्चाच्या अडीच-तीन पट ठेवावी लागते. आपली ती दुप्पटही नाही. ही किंमत थेट विक्रीला योग्य आहे, म्हणून या आवृत्तीचा मुख्य भर थेट विक्रीवरच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हातोहात २०० रुपयांना प्रत दिली तर ३५० प्रतींत खर्च निघतो. टपालाने पाठवायची झाल्यास टपालखर्चासह २२० रुपये घ्यावेत. भारतीय डाकविभागाने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली असून ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये, अधिक कर, असा तिचा दर जाहीर झाला. १९२ पृष्ठांचे डेमी पुस्तक ७० जीएसएम (एका चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर छापलेले असेल तर वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे वेष्टनासह आपण ३०० ग्रॅमच्या आत राहाल. टपाल आणि वेष्टन मिळून ३४-३५ रुपये धरले तरी हाती १८५ रुपये उरतात. पाकीट भूपृष्ठ मार्गाने जाते, त्यामुळे पोहोचायला वेळ लागतो. हे वाचकाला पैसे घेतानाच कळवावे, म्हणजे चौथ्या दिवशी विचारणा होत नाही. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असणे या सेवेसाठी आवश्यक आहे. आपल्या श्रेयनामावलीच्या पानावर ते असेलच.

वितरकाला पूर्ण नकार देऊ नये. त्याला ५० प्रती द्याव्यात, त्याही पावतीवर प्रतींची संख्या, कमिशन, हिशेबाचा दिनांक आणि न विकलेल्या प्रती परत करण्याची मुदत लिहून घेऊन. तोंडी बोलीवर पुस्तके ठेवली की वर्षभराने दुकानदाराला प्रती आठवत नाहीत आणि लेखकाला विचारायला संकोच वाटतो. अप्पा बळवंत चौकातील एखादे दुकान आणि आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे दुकान, एवढ्या ठिकाणी पुस्तक ‘उपलब्ध’ असले तरी पुरेसे आहे, कारण परीक्षण वाचून दुकानात विचारणाऱ्या वाचकाला ते मिळायला हवे.

करांविषयी थोडेसे. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. तरीही छापील क्रमांकांचे बिलपुस्तक करून घ्यावे, कारण बिलाशिवाय कोणतीही संस्था पैसे देऊ शकत नाही. शिवाय आता आपण लेखकाबरोबरच प्रकाशकही आहात. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवण्याची जबाबदारी आपली आहे. स्वतः प्रकाशन करणाऱ्या अनेक लेखकांना हे कोणी सांगतच नाही आणि त्यांची पुस्तके देशाच्या ग्रंथसंग्रहात नोंदलीच जात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद २ : दूध संकलन

डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राथमिक दूध संस्थेची सचिव आहे. पुस्तकांच्या धंद्यातले मला कळत नाही, पण आपण ज्या वाचकाविषयी साशंक आहात तो रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या समोर रांगेत उभा असतो. तो पुस्तकाच्या दुकानात जाणार नाही, संकेतस्थळावर शोधणार नाही आणि सभागृहातील समारंभालाही येणार नाही. पुस्तक त्याच्या रांगेपर्यंत आले तर मात्र तो ते हातात घेऊन पाहील, आणि लिहिणारा माणूस आपल्या गायीला हात लावणारा डॉक्टर आहे हे कळल्यावर विकतही घेईल.

संस्थेच्या वर्षात दोन प्रसंग असे असतात की, त्या वेळी अशा पुस्तकाला जागा मिळते. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि त्या सभेत जास्त दूध घालणाऱ्या उत्पादकांचा सत्कार होतो. सत्काराला शाल, श्रीफळ आणि स्टीलचे भांडे देण्याची पद्धत आहे. त्यात एका पुस्तकाची भर घालणे कोणत्याही संचालक मंडळाला जड नाही. दुसरा प्रसंग दिवाळीपूर्वी दूध फरकाची, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाच्या दरातील वाढीव रक्कम वाटली जाते तेव्हाचा. त्या आठवड्यात उत्पादकाच्या हातात पैसे असतात आणि दोनशे रुपयांचा विचार तो मोकळेपणाने करतो. एरवी दर दहा दिवसांनी होणाऱ्या बिलातून पशुखाद्य आणि उचल कापून गेल्यावर फारसे काही उरत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, आपण ज्या संस्थांच्या गावांत जाता, तेथील अध्यक्ष आणि सचिवांना जुलै-ऑगस्टमध्येच पुस्तकाची एकेक प्रत आणि संस्थेच्या नावे लिहिलेले पत्र द्यावे. दहा किंवा अधिक प्रती घेतल्यास १८० रुपये असा दर लिहून द्यावा. पत्रात पुस्तकाची साहित्यिक वैशिष्ट्ये सांगण्याऐवजी त्यातील उपयोगी प्रकरणांची नावे द्यावीत : कासदाह कसा ओळखावा, उन्हाळ्यात दूध का घटते, वासराला पहिला चीक किती वेळात पाजावा. आपल्या पुस्तकात हे विषय गोष्टीच्या ओघात आले असतील, तरी पान क्रमांकांसह त्यांची यादी देता येईल. सचिवाला मंडळापुढे खर्च मंजूर करून घ्यायचा असतो आणि त्यासाठी त्याला सांगण्यासारखे कारण लागते.

याशिवाय मोशी येथे डिसेंबरमध्ये भरणारे ‘किसान’ प्रदर्शन आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात जानेवारीत होणारे ‘कृषिक’ येथे राज्यभरातील शेतकरी येतात. स्वतंत्र गाळ्याचे भाडे एका पुस्तकाच्या विक्रीतून निघणार नाही, परंतु पशुखाद्य, दूधयंत्रे किंवा पशुऔषधे विकणाऱ्या एखाद्या ओळखीच्या गाळ्यावर कोपऱ्यात जागा मागता येईल. तेथे आपण स्वतः दोन तास बसलात आणि लोकांच्या शंकांना उत्तरे दिलीत तर पुस्तकाची वेगळी जाहिरात करावी लागणार नाही.

प्रकाशन समारंभाविषयी विचारले आहे, म्हणून लिहिते. तो आपल्या तालुक्यातील एखाद्या दूध संस्थेच्या आवारात, सकाळचे संकलन आटोपल्यावर व्हावा. आपल्या पुस्तकातील एखाद्या कुटुंबाची तयारी असेल तर त्यांच्या हस्ते व्हावा.

प्रतिसाद ३ : दाखल नोंदवही

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. मी विदर्भातील एका ‘ब’ वर्ग (शासनाच्या ‘अ’ ते ‘ड’ या वर्गवारीतील दुसऱ्या) सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे ग्रंथालयांपुरते लिहितो.

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये ११,००० हून अधिक आहेत. हा आकडा पाहून नवे लेखक हरखून जातात आणि प्रत्येकाने एक प्रत घेतली तर किती, असा हिशेब मांडतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुसंख्य ग्रंथालये ‘क’ आणि ‘ड’ वर्गातील असून त्यांची ग्रंथखरेदी अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून असते. अनुदान दोन हप्त्यांत येते आणि बरीच खरेदी आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत घाईने होते. त्या वेळी ग्रंथपाल एकेका लेखकाशी पत्रव्यवहार करत बसत नाही. जो विक्रेता एकाच बिलावर शंभर-दोनशे शीर्षके सवलतीत देतो त्याच्याकडून घेतो. त्यामुळे ग्रंथालयांपर्यंत पोहोचण्यासाठी एखादा वितरक लागतोच, आणि आपण त्याला देणार असलेल्या ५० प्रती प्रामुख्याने ग्रंथालयांसाठी आहेत हे त्याला सांगून ठेवावे.

राज्याचे ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी तयार करते आणि त्यासाठी त्या वर्षी प्रकाशित झालेल्या पुस्तकांच्या प्रती मागवते. आपण स्वयंप्रकाशक असलात तरी प्रत पाठवू शकता. यादीत नाव आले म्हणून खरेदी होईलच असे नाही, परंतु खरेदी करू इच्छिणाऱ्या ग्रंथपालाला यादीचा आधार मिळतो. प्रत पाठवण्यापूर्वी शीर्षकपानाच्या मागे प्रकाशनाचे वर्ष, आवृत्ती, किंमत, आयएसबीएन आणि प्रकाशकाचा पूर्ण पत्ता आहे ना, हे तपासावे. किंमत चिकटपट्टीने बदललेली असेल तर आमच्याकडे लेखापरीक्षणात प्रश्न निघतो.

संचालनालयाच्या वतीने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरतो. आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात स्थानिक लेखक म्हणून बोलण्याची संधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटून मागावी. तेथे येणाऱ्या ग्रंथपालांना पुस्तक प्रत्यक्ष पाहता येते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांची ग्रंथालये हा आणखी एक लहान पण नेमका गट आहे. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथील महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना एकेक पत्र आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ पाठवावे. ही महाविद्यालये इंग्रजीतून शिकवतात, आणि म्हणूनच मराठी बोलणाऱ्या पशुपालकाशी पुढे ज्यांना बोलायचे आहे अशा विद्यार्थ्यांसाठी हे पुस्तक तेथे असावे, असे मला वाटते.

प्रतिसाद ४ : न्यू जर्सीचा वाचक

ई-पुस्तकाचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही. माझे आजोळ अकोले तालुक्यातले आहे आणि असे पुस्तक मी लगेच विकत घेईन, परंतु तिकडून टपालाने मागवल्यास टपालखर्चच पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी ई-पुस्तके प्रकाशित करता येतात आणि लेखकाला त्यासाठी आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत. एक अट मात्र समजून घ्यावी. भारतातील विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल तर पुस्तक ॲमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत घालावे लागते आणि त्या ९० दिवसांच्या मुदतीत डिजिटल आवृत्ती अन्यत्र कोठेही देता येत नाही. छापील पुस्तकाला ही अट लागू नाही. मुदत आपोआप पुढे चालू राहते, म्हणून नको असेल तेव्हा ती आठवणीने बंद करावी लागते.

बुकगंगासारख्या मराठी संकेतस्थळावर छापील आणि ई-पुस्तक दोन्ही ठेवता येते आणि परदेशातील मराठी वाचक तेथे सहज जातो. मी आपल्या जागी असतो तर केवळ टक्केवारी पाहून एकाच कंपनीशी बांधून घेतले नसते. छापील प्रतींची विक्री सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांनी ई-पुस्तक काढावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : प्रवराकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दूध संकलन केंद्रावर मी रोज जातो, तरीही ते पुस्तकविक्रीचे ठिकाण असू शकते असे कधी मनात आले नव्हते. सप्टेंबरच्या सभांसाठी पत्राचा मसुदा आजच करतो.

आणखी दोन शंका आहेत. पहिली भेट प्रतींविषयी. नातेवाईक, सहकारी, जुने शिक्षक आणि पुस्तकात ज्यांचा उल्लेख आहे ती कुटुंबे, या सर्वांना प्रत भेट द्यावी अशी अपेक्षा असते, आणि ज्यांच्या गोठ्यात मी शिकलो त्यांच्याकडून पैसे घेणे मला अवघड जाते. दुसरी शंका अशी की, सर्व प्रती संपल्या तर पुढे काय करावे. वितरकामार्फत एका प्रकाशनसंस्थेने दुसऱ्या आवृत्तीचे हक्क घेण्याची तयारी आताच दाखवली आहे.

प्रतिसाद ५ : बाजीराव रस्ता

पुस्तकात ज्यांच्या घरातील सुखदुःखे आली आहेत, त्या कुटुंबांना प्रत अवश्य द्यावी, आणि शक्यतो घरी जाऊन द्यावी. तो विक्रीचा विषयच नाही. त्यांच्यासाठी आणि अभिप्रायासाठी मिळून ४० प्रती बाजूला काढाव्यात आणि तो आकडा ओलांडू नये. अभिप्रायाच्या प्रती पाठवताना ‘लोकरंग’, ‘सप्तरंग’ यांसारख्या रविवार पुरवण्यांबरोबरच ‘ॲग्रोवन’ या शेतीविषयक दैनिकाचाही विचार करावा, किंबहुना लम्पीच्या साथीवरचे प्रकरण संक्षिप्त करून लेख म्हणून तेथे पाठवता आले तर परीक्षणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, कारण परीक्षणे येण्यास अनेक महिने लागतात आणि पुष्कळ पुस्तकांची बोळवण ‘साभार पोच’ या एका ओळीत होते. नातेवाईक आणि सहकाऱ्यांना मोकळेपणाने सांगावे की, पुस्तक मीच प्रकाशित केले आहे, तेव्हा आपण विकत घेतलेली प्रत हीच मला मदत आहे. आपली माणसे हे समजून घेतात. संकोचापोटी दीडशे प्रती वाटून टाकणारे लेखक मी पाहिले आहेत आणि त्यांना दुसरे पुस्तक काढण्याचे बळ उरत नाही.

हक्कांविषयी घाई करू नये. प्रकाशनसंस्थेला हक्क द्यायचेच झाले तर करारात किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, कोणत्या भाषेसाठी आणि छापील, ई-पुस्तक, श्राव्य यांपैकी कोणत्या स्वरूपासाठी, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. तथापि ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द एकदा सहीखाली गेले की, ही तरतूद लेखकाच्या मदतीला येत नाही.

दुसऱ्या आवृत्तीचा निर्णय मागणी मोजून घ्यावा. त्यासाठी आजपासून प्रत्येक थेट खरेदीदाराचे नाव, गाव आणि त्याची हरकत नसेल तर दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा. प्रकाशनपूर्व नोंदणी ही आपल्याकडची जुनी रीत आहे; डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते कंपनी स्थापून, भागधारक मिळवून आणि गावोगाव आगाऊ वर्गणीदार नोंदवून. आपले काम त्या मानाने लहान आहे. सध्याच्या ५०० पैकी ५० प्रती शिल्लक असतानाच वहीतील लोकांना आणि दूध संस्थांना सवलतीच्या दराने आगाऊ नोंदणीचे पत्र पाठवावे. १०० पर्यंत मागणी आली तर डिजिटल छपाईवर तेवढ्याच प्रती काढाव्यात. त्यात प्रतीमागे खर्च थोडा वाढतो, परंतु संपादन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठाचे २२,००० रुपये पुन्हा लागत नाहीत, त्यामुळे प्रतीमागे हाती उरणारी रक्कम पहिल्या आवृत्तीपेक्षा सहसा कमी होणार नाही. मागणी ३०० च्या पुढे गेली तर पुन्हा ऑफसेट छपाईवर (जी जास्त प्रतींना स्वस्त पडते) जावे आणि त्या वेळी किंमत ३०० रुपये करावी. एवढी किंमत असेल तर वितरकालाही अधिक प्रती देता येतील. सप्टेंबरच्या सभांनंतर किती संस्थांनी प्रती घेतल्या ते येथे अवश्य कळवावे, म्हणजे दिवाळीसाठी किती प्रती राखून ठेवायच्या याचा हिशेब आपण मिळून करू.